मोंबासाच्या वाटेवर लालबाग

आधी गोदाकाकीचं नाव लिहितो. मुंबईत मला ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं. तिने मला धक्क्यावरून उतरवून घेतलं, स्वतःच्या खोलीत भिंतीकडची जागा दिली, ताप चढला तेव्हा माझं डोकं मांडीवर घेतलं, आणि निघताना बोटीवर खायला भाकऱ्या बांधून दिल्या. पुढे जे वाचाल ते हे लक्षात ठेवून वाचा. मीही तेच लक्षात ठेवून लिहिणार आहे. वाटतं तितकं ते सोपं नाही.

माझी शाळा मराठी पाचवीत सुटली. वडील गेले आणि दादा मोंबासाला गेला, तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात सुतार म्हणून. मी तेव्हा इतका लहान होतो की त्याचा चेहरा मला फोटोतलाच ठाऊक. पण आमच्या घरावरची कौलं त्याची, आईच्या अंगावरचं लुगडं त्याचं. यंदा भातकापणी झाली आणि त्याचं पत्र आलं, की पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलंय, घरी यायचंय, पण एकट्याने बोट झेपणार नाही. धाकट्याला न्यायला पाठवा. माझ्या जाण्यायेण्याच्या तिकिटाची सोय त्याने तिथूनच केली होती.

आई म्हणाली, "जा नि तेका घेऊन ये. माका दुसरा काय नको," एवढंच. मग तिने कुळीथ भाजून दळले आणि पिठी पत्र्याच्या डब्यात दाबून भरली. मोंबासाला कुळथाची पिठी मिळत नाही असं दादाने कधीतरी लिहिलं होतं.

गावाने मला हार घालून मालवणच्या बोटीवर चढवलं. आफ्रिकेला जाणारा आमच्या वाडीतला मी दुसराच. हार गळ्यात असतानाच उलट्या सुरू झाल्या, त्या मुंबई दिसेपर्यंत थांबल्या नाहीत. पहाटे भाऊच्या धक्क्याला बोट लागली तेव्हा आफ्रिकेची बोट याच्या चौपट मोठी असते, म्हणजे उलट्याही चौपट होणार, एवढाच हिशेब डोक्यात होता.

"सदा खंय आसा रे? आबा गावकराचो झिल सदा!"

गर्दीत एक ठेंगणी, काळी बाई पिशवी डोक्यावर धरून माझं नि वडिलांचं नाव घेऊन ओरडत होती. तोंडभर देवीचे वण. आईच्या माहेरची ती, पण सगळं लालबाग तिला काकी म्हणायचं, म्हणून मीही काकी. मी पुढे झालो तशी तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ओकलंस?"

"होय."

"बरा केलंस. गावचा सगळा भायर पडला. आता मुंबईचा खा."

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर तिची खानावळ. पुढे गिरणकामगार पाळीपाळीने पाटावर बसून जेवायचे, मागे चूल आणि चुलीमागे तिची झोपायची जागा. नवरा गिरणीत गेला, दोन मुलं देवीने गेली, आणि काकी उरली. हे तिने मला पहिल्याच दिवशी बांगडे साफ करता करता सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

ते दिवस मुंबईत गडबडीचे होते. भिंतीभिंतींवर मोठ्या अक्षरांत संयुक्त महाराष्ट्र, आज मोर्चा, उद्या बंद, परवा संचारबंदी. खानावळीत रोज जेवणारा परब नावाचा एक कामगार होता, साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा. कुठल्याशा मोर्चात त्याला भोईवाड्यापर्यंत पोलिसांनी पळवलं होतं, आणि तो ते अभिमानाने सांगायचा. मी कुठे निघालोय हे कळल्यावर तो ताट पुढे ओढत म्हणाला, "बघा रे! मुंबई सोडणार नाय म्हणून आम्ही डोकी फोडून घेतोय, आणि हा पठ्ठ्या मुंबईत उतरला तो थेट आफ्रिकेक!"

सगळे हसले. मीही हसलो. घाबरलेला माणूस इतरांबरोबर हसतो.

परदेशी जायचं म्हणजे बोटीत बसायचं, असं मला वाटत होतं. खरा प्रकार गिरगावात, तिकिटं देणाऱ्या एजंटाच्या कचेरीत कळला. तिथल्या कारकुनाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहत एका दमात सांगितलं, "पासपोर्ट. त्याला तुमची हमी घेणारा प्रतिष्ठित माणूस. तिकडे पाहुणा म्हणून राहण्याचा परवाना, तो तुमच्या भावाने काढलाय, बरं झालं. पिवळ्या तापाची सुई. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, सुई, दोनदा. शेवटी देवीची लस, आणि ती लागल्याचा दाखला."

"आमच्याकडे पिवळा ताप नसतो, साहेब."

"नसतो म्हणूनच. तिकडून येताना घेऊन याल तर आपलंच सरकार तुम्हाला बंदरात अडकवून ठेवील. जाताना त्यांना आपली देवी नको, येताना आपल्याला त्यांचा ताप नको. शिक्षण किती?"

"पाचवी."

"मग लिहून देत नाही. नीट ऐकून घ्या."

मला वाचता येतं, हे सांगायचं राहूनच गेलं.

शेजारच्याच स्टुडिओत फोटो काढला. फोटोवाल्याने खुंटीवरचा कोट अंगावर चढवला. त्याची बाही इतक्यांच्या घामाने कडक झाली होती की हात वाकेना. "हसू नका," तो म्हणाला. "पासपोर्टात हसणारा माणूस संशयास्पद दिसतो." त्या फोटोत मी असा दिसतो, की मला कोणत्याही देशाने आत घेऊ नये.

प्रतिष्ठित माणूस काकीने शोधला. दादरला एक निवृत्त हेडमास्तर राहत होते, घर कडक शाकाहारी. त्यांनी मला दारातच उभं करून अनोळखी माणसाची हमी घेणं किती गंभीर असतं यावर भाषण दिलं. काकी पायरीवर बसून सगळं ऐकत होती. भाषण संपल्यावर ती हळूच म्हणाली, "मास्तरांनू, तुमी माझ्याकडे येऊन बांगडे खाल्ल्यात, ता घरात सांगू?"

आतून कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मास्तरांनी तिथल्या तिथे सही केली.

ट्राममध्ये काकी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिचे हात धरले. माझ्यासाठी कोणी असं भांडेल, असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

पासपोर्टाला वेळ लागला, बंदमुळे आणखी लागला. सुया मात्र एकेक करून टोचून घेतल्या. देवीची लस उरली, आणि बोटीच्या तारखेला जेमतेम पंधरवडा उरला. परळच्या एका दवाखान्यात ती टोचून घ्यायला गेलो. तिथला डॉक्टर वयस्कर, थकलेला, पण बोलायला चांगला होता.

"लहानपणी टोचली होती का?"

नव्हती. गावात लस टोचणारा देवी डॉक्टर आला की आई मला गवताच्या उडवीत लपवायची. माझ्या आधीची बहीण देवीने गेली होती, आणि देवीला मुद्दाम घरात बोलवायचं म्हणजे काय, हे आईला पटत नसे.

"म्हणजे पहिलीच. मग जोरात लागेल. ताप येईल, काखेत गाठ येईल. घाबरायचं नाही. दंड कोरडा ठेवायचा. त्यावर काही म्हणजे काही लावायचं नाही. आठव्या दिवशी मला दाखवायला यायचं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. सही नाही तर बोट नाही. कळलं?"

कळलं होतं. परत येताना रस्ताभर तेच घोकत होतो. कोरडा ठेवायचा, लावायचं नाही, आठवा दिवस.

चौथ्या दिवशी दंड ठणकायला लागला. पाचव्या दिवशी ताप चढला आणि दंडावर मोत्यासारखा फोड दिसू लागला. काकी पाणी घेऊन आली, माझी बाही वर सरकलेली होती. तिने तो फोड पाहिला आणि तांब्या खाली ठेवला. डोक्यावरून पदर घेतला. मग माझ्यापुढे, म्हणजे माझ्या दंडापुढे, तिने हात जोडले.

"इलीस काय गो बाय," ती म्हणाली. "हळू ऱ्हव हां. परक्याचा पोर आसा."

त्या क्षणापासून मी तिचा भाचा राहिलो नाही. तिच्या घरी पाहुणी आली होती आणि तिचा मुक्काम माझ्यात होता. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले. ते आणायला परबाला पाठवलं, तर नाक्यावर पोलिसाने त्याला धरलं, मोर्चाच्या काठ्या कुठे नेतोस म्हणून. "पाला आसा रे, पाला!" म्हणून परबाने त्याला पानं खाऊन दाखवली.

आणि फोडणी बंद झाली. आमच्याकडे घरात देवी असली की कढईत मोहरी तडतडू द्यायची नाही, मासे तळायचे नाहीत. देवीला ते सोसत नाही. पण हे घर नव्हतं, खानावळ होती. पाळी सुटून आलेली माणसं पाटावर बसली आणि पुढ्यात भात, दही आणि बिनफोडणीची आमटी आली.

"काकी, हे काय? सुतक?"

"सदाक देवी इली आसा. गप जेवा."

"देवी त्याला आली, आमच्या बांगड्याने काय घोडं मारलंय?" कोणीतरी कुरकुरलं.

"जेवचा नसात तर डिलाईल रोडला ढीगभर खानावळी आसत. जा!"

कोणी उठलं नाही. लाठीमारासमोर उभी राहणारी ही माणसं माझ्या दंडासाठी चार दिवस बिनफोडणीचं जेवली. कोणी येता-जाता दारातून डोकावून हात जोडायचा, कोणी शिवी द्यायचा, बहुतेक जण दोन्ही करायचे. परब म्हणाला, "सदा, मेल्या, आफ्रिकेत जाऊन मोठा झालास तर प्रत्येकाक एकेक सुरमय देणा लागतंस."

मी गोधडीत पडून रडलो. अजून सांगतो, इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं. काकी रात्रंदिवस माझ्याजवळ बसायची, कडुनिंबाच्या डहाळीने वारा घालायची. तिची दोन मुलं अशीच तिच्या मांडीवर पडली होती, आणि त्या वेळी तिला जे जमलं नाही ते ती आता करत होती. एवढं मला तापातही कळत होतं.

आठवा दिवस उजाडला. मी सदरा चढवला.

"खंय चललंस?"

"दवाखान्यात. डॉक्टरला दाखवायचंय. आज नाही दाखवलं तर सही नाही."

"पाहुणी घरात असताना उंबरो ओलांडूचो नाय. उद्या तिची पाठवणी करतंय, मगे जा."

"काकी, डॉक्टर म्हणाला आजच."

"डाक्टर काय देवीचो बापूस? तेका काय कळता? माझी दोन पोरां गेली, माका कळता!"

ती दारात आडवी बसली. मी तिला ओलांडून गेलो असतो तर तिने मला बांधून ठेवलं नसतं. पण तिच्या मांडीवरून उठलेल्या माणसाला तिला ओलांडून जाता येत नाही. एका दिवसाने काय होतंय, असं म्हणून मी पुन्हा आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी पाठवणी झाली. कडुनिंबाच्या कढत पाण्याने तिने मला अंघोळ घातली. फोडावरची खपली त्या पाण्याने मऊ पडली होती, ती तिने बोटांनी हळुवार सोडवली आणि त्यावर लोणी नि हळदीचा जाड लेप दिला, देवी थंड जावी म्हणून. दहीभाताचा द्रोण नाक्यावर नेऊन ठेवला. त्या दुपारी कढईत मोहरी तडतडली तेव्हा सगळ्या खानावळीने टाळ्या वाजवल्या.

मी निघणार तेवढ्यात गिरण्यांचे भोंगे अवेळी वाजले. बंद. रस्त्यावर दगड, मग अश्रुधूर, मग संचारबंदी. दवाखाना उघडला तोवर माझ्या दंडाला सूज आली होती आणि लेपाखाली पू झाला होता.

डॉक्टरने पट्टी सोडली आणि कापसाने हळदीचा थर पुसून पाहिला.

"हे कोणी केलं?"

"घरच्यांनी."

"मी काय सांगितलं होतं?"

"कोरडा ठेवायचा."

"यात लस लागली होती की हळद पिकली, मी कसं सांगू? कशावर सही करू?" तो रागावला नव्हता, हेच वाईट होतं. "हा हात बरा होऊ दे. दुसऱ्या हातावर पुन्हा टोचावी लागेल. पुन्हा आठ दिवस."

"साहेब, बोट परवा आहे."

"मला माहीत आहे."

तिसऱ्या दिवशी परब मला गोदीकडे घेऊन गेला. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, "बघून घे. नायतर जन्मभर मनात येत ऱ्हवात." आम्ही कुंपणाबाहेर उभे राहिलो. माणसं दाखले हातात धरून रांगेने आत जात होती. माझ्यासारखीच होती, कोणाच्या हातात ट्रंक, कोणाच्या हातात लोणच्याची बरणी. बोट मागे सरकली, वळली. कारकुनाच्या मध्यस्थीने तिकीट पुढच्या खेपेचं झालं होतं. तीच बोट जाऊन परत येणार आणि मग मला नेणार. महिनाभर थांबायचं, एवढंच.

दुसऱ्या हातावर लस टोचून घेतली. या वेळी ताप नाही, फोड नाही. दोन दिवस खाज सुटली आणि वाटाण्याएवढी गाठ येऊन जिरली. काकी रोज सकाळी बाही वर करून बघायची. "येत कशी नाय?" म्हणायची. तिला चिंता वाटत होती.

ठरल्या दिवशी डॉक्टरने दंड पाहिला आणि मान हलवली. "छान. अंगात संरक्षण आहे. म्हणजे पहिलीच लागली होती म्हणायची. अगदी उत्तम लागली होती." त्याने सही केली, शिक्का मारला. "तीन वर्षं चालेल हा दाखला. जा आता कुठे जायचं तिथे."

मी उभाच राहिलो. तो म्हणाला, "काय झालं? आता तरी हसा."

बोट परत आली त्या दिवशी मी गोदीच्या दाराशी सकाळपासून उभा होतो. दादाला ओळखणारं कोणी उतरलं तर तब्येत विचारावी म्हणून. उतरणाऱ्यांना मी मोठ्याने विचारत होतो, "मोंबासाचे गावकर सुतार कोणाच्या ओळखीचे?" लोक मान हलवून पुढे जात होते. मग एक गोंयकार, डोक्यावर टोपी, मागे हमाल, थांबला. हमालाच्या डोक्यावर दोन ट्रंका होत्या.

"तू धाकटो?" त्याने विचारलं.

त्याने टोपी काढली, आणि मला सगळं कळलं. तरी तो सांगत राहिला, सांगायला हवं म्हणून. दादा गेला तो बोट मोंबासाला लागल्यानंतर. बोट लागली त्या दिवशी तो इस्पितळातल्या खाटेवर उठून बसला होता, दाढी करून घेतली होती. माझा भाऊ आलाय, असं वॉर्डभर सांगत होता. संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसला. त्यानंतर चार-सहा दिवस होता.

खालची ट्रंक माझ्यापुढे ठेवली गेली. आत त्याची हत्यारं होती. रंधा, पटाशा, करवत, सगळी तेल लावून फडक्यात गुंडाळलेली.

खानावळीत ट्रंक उतरवली तेव्हा जेवणाची पाळी चालू होती. काकीने ट्रंक पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि वाढता वाढता तिथेच खाली बसली. कोणी जेवेना. तिने विचारलं, "सदा, ती पयली बोट चुकली... ता माझ्यामुळे काय रे?"

तिच्या तोंडावरचे वण इतक्या जवळून मी पूर्वी पाहिले नव्हते.

"नाय गो काकी. बंद होतो ना. बंदमुळे."

परबाला सगळं ठाऊक होतं. तोंडातला घास तसाच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं. मग घास गिळला आणि सरकारला एक सणसणीत शिवी हासडली. बाकीच्यांनीही हासडल्या. सरकारने पुष्कळ काही केलं होतं. आमचं हे एक त्याने केलं नव्हतं, पण त्याच्या खात्यावर गेलं.

परतीची बोट रात्री रत्नागिरीच्या पुढे आली तेव्हा मी कुळथाच्या पिठीचा डबा उघडला. आईच्या हातात तो भरलेला परत कसा द्यावा, हे ठरत नव्हतं. पिठी मूठ मूठ करून समुद्रात सोडली. वारा उलटा होता, बरीचशी माझ्याच अंगावर आली.

गावी पोचल्यावर दोन दिवस लोक भेटायला येत होते. तिसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कोणीतरी म्हणालं, "सदा आफ्रिकेक गेलो, नि लालबाग बघून इलो." खोटं काय आहे त्यात? आईने मात्र माझी बाही वर केली, वणावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "लपवलंय होता मिया तुका." मग हत्यारांची ट्रंक खाटेखाली सरकवली.

तुमच्यापैकी कोणी परदेशी निघणार असेल, तर माझ्याकडे या. कोणती सुई आधी, कोणती नंतर, कुठे उभं राहायचं, सगळं मी सांगीन. फुकट मिळालेली विद्या नाही ती. लस लवकर टोचून घ्या. दंड कोरडा ठेवा. दाखवायच्या दिवशी दारात कोणीही बसलेलं असो, जा. आणि मुलांना उडवीत लपवू नका, मोठेपणी त्याची किंमत दुसराच कोणीतरी देतो. माझा दाखला अजून चालू आहे. त्या दाखल्यावर मी जगात कुठेही जाऊ शकतो, आणि मला कुठेही जायचं नाही.

काकीला वाचता येत नाही. हे तिला कोणी वाचून दाखवणार असेल, तर त्याला माझी हात जोडून विनंती आहे, की मधली पानं उलटावीत, पहिला परिच्छेद आणि हा शेवटचा तेवढा वाचावा. काकी, मी तुझं देणं लागतो. तू म्हातारी होशील, गिऱ्हाईकं तुटतील, चूल झेपणार नाही, तेव्हा मी मालवणच्या धक्क्यावर येऊन तुला उतरवून घेईन. भिंतीकडची जागा तुला देईन. तू दुखण्याने पडलीस तर डॉक्टर आणीन आणि तो सांगेल तेच करीन. पण तुला बरं वाटावं म्हणून दाराला कडुनिंबही लावीन, आणि तू उठून बसेपर्यंत माझ्या घरात फोडणी पडणार नाही.